किती देणार, किती निघेल

कंपनीत आमच्या विभागाला 'पंचांग' म्हणत. हे नाव वाहतूक विभागातल्या एकाने ठेवले. जेवणाच्या सुट्टीत मी दिसले की तो विचारायचा, "काय मॅडम, पुढच्या महिन्यात मुहूर्त आहेत का काही?" विभागाचे कागदावरचे नाव वित्तीय नियोजन विभाग. पहिली दोन वर्षे विभाग म्हणजे मी, एक संगणक आणि लेखा विभागाच्या कोपऱ्यातले एक टेबल. आज त्यात नऊ जण आहेत. पंचांग हे नाव मात्र अजून चालू आहे.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावून सांगताना मी एवढेच सांगते: गेल्या महिन्यात काय झाले ते लेखा विभाग सांगतो, आणि ते बिनचूक असावे लागते. पुढच्या सहा महिन्यांत काय होईल ते नियोजन विभाग सांगतो, आणि ते थोडेफार चुकतेच. माल किती लागेल, पैसा कोणत्या आठवड्यात कमी पडेल, कोणता कारखाना कोणाची वाट पाहत बसेल, हे आधी मांडायचे. मग प्रत्यक्षात किती चुकले आणि कोणत्या बाजूला चुकले ते पाहायचे आणि पुढची मांडणी सुधारायची.

कंपनी जनावरांचे खाद्य बनवते. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये ती सुरू झाली. मालकांना सगळे आबा म्हणत. जो कच्चा माल सतत लागतो त्याचा कारखानाच विकत घ्यायचा, ही आबांची पद्धत. तूरडाळ करताना निघणारी चुनी खाद्यात लागते, म्हणून पाचोऱ्याची एक डाळमिल घेतली. सरकीतून तेल काढल्यावर उरणारी पेंड लागते, म्हणून अमळनेरची सरकीची एक जुनी गिरणी घ्यायचे ठरले. तोवर सगळे नियोजन आबांच्या डोक्यात होते आणि एका कारखान्यापुरते ते उत्तम चालले. पाचोरा आल्यावर एकदा असे झाले की एकाच आठवड्यात जळगाव आणि पाचोरा दोघांनी बँकेच्या एकाच कर्जमर्यादेवर माल उचलला आणि एका अडत्याचा धनादेश परत आला. आबांनी त्या अडत्याकडे स्वतः जाऊन पैसे दिले. परत आल्यावर त्यांनी मला बोलावले.

त्याआधी सहा वर्षे मी एका वृत्तपत्रात बाजारभावाचे पान पाहत होते. शिक्षण वाणिज्य शाखेचे, परिव्यय लेखापालाची परीक्षा नोकरी करता करता दिलेली. त्या पानावरचा नियम साधा होता. भाव दोन ठिकाणी विचारल्याशिवाय छापायचा नाही, आणि ती दोन ठिकाणे एकमेकांच्या ओळखीची नसावीत. आबा ते पान रोज वाचत. मुलाखत म्हणून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुमचा भाव चुकला तर काय करायचात?"

"दुसऱ्या दिवशी चुकला म्हणून छापायचे."

"इथंही तेच करा," ते म्हणाले.

पहिले काही महिने मोजमापांत गेले. जळगाव टनात बोलायचे, अमळनेर क्विंटलमध्ये, पाचोरा पोत्यांत. पाचोऱ्याचे व्यवस्थापक सुभाषभाऊ यांना मी विचारले, चुनीच्या एका पोत्यात किती किलो?

"भरलं की पोतं," ते म्हणाले.

"पण किती भरतं?"

"ते हमालावर आहे."

पाचोऱ्याला दोन दिवस काट्याजवळ बसून मी शंभर पोती वजन करून घेतली. सर्वांत हलके आणि सर्वांत जड पोते यांत अकरा किलोंचा फरक निघाला. तेव्हापासून पाचोऱ्याची चुनी वजनाने येऊ लागली. सुभाषभाऊ महिनाभर माझ्याशी कामापुरतेच बोलले.

मोजमापे एक झाल्यावर मी एक फॉर्म तयार केला. प्रत्येक कारखान्याच्या प्रमुखाने तो सहा महिन्यांतून एकदा भरायचा. त्यातला मुख्य प्रश्न असा होता: पुढील सहा महिने दरमहा किती माल देणार? हा प्रश्न मी लिहिला होता. पुढचे सगळे त्यातून घडले.

पहिले फॉर्म आले ते बघण्यासारखे होते. जळगावच्या कारखानाप्रमुखांनी इतका कमी आकडा लिहिला होता की तेवढा माल तर यंत्रे रोज अर्धाच दिवस चालवूनही झाला असता. सुभाषभाऊंनी लिहिले, 'गतवर्षीप्रमाणे.' फोन केला तर म्हणाले, "मॅडम, आज मी आकडा लिहायचा आणि उद्या तुम्ही तो माझ्यापुढे धरायचा. एवढा साधा मी नाही."

व्यवस्थित भरलेला फॉर्म एकच आला, अमळनेरचा. गिरणीचे जुने मालक नाना यांनी गिरणी विकली, पण व्यवस्थापक म्हणून ते तिथेच राहिले होते. त्यांची दोन्ही मुले पुण्यात, त्यांना सरकीत रस नव्हता. गिरणी आमच्याकडे आली ती फेब्रुवारीत, ऐन हंगामात. नानांनी फॉर्मवर सुवाच्य अक्षरात लिहिले होते: दरमहा चारशे टन पेंड.

एप्रिलमध्ये अमळनेरहून चारशे टन पेंड आली. मेमध्येही आली, जूनमध्येही. जुलैत चारशे एक टन. मासिक बैठकीत मी अमळनेरचा तक्ता भिंतीवर दाखवत असे. अंदाज आणि प्रत्यक्ष, दोन्ही रेषा एकमेकींवर. आबा इतरांना म्हणत, "नानांकडून शिका जरा." सुभाषभाऊ शेजारच्याच्या कानात म्हणाले, "ही गिरणी आहे का टाकसाळ?" मी ते ऐकले आणि मनावर घेतले नाही.

त्याच चारशे टनांवर आबांनी पुढचे पाऊल ठरवले. धुळ्याला पशुखाद्याचा एक मध्यम कारखाना होता. मालकीण अक्का, वय सत्तरीच्या पुढे, पतीच्या मागे एकटीने चालवलेला. यंत्रे जुनी, पण साक्रीपर्यंतच्या आठवडे बाजारांत त्यांचे विक्रेते घट्ट होते आणि मका जवळच मिळत होता. पेंड तेवढी त्यांना बाहेरून घ्यावी लागे. अमळनेरची पेंड जळगाव आणि धुळे दोन्हीकडे पुरवायची, दसऱ्याला कारखाना ताब्यात घ्यायचा आणि जळगावची शेड तारण ठेवून कर्ज घ्यायचे, असे ठरले. कर्जाचे सगळे कोष्टक मी केले होते. त्यातल्या प्रत्येक ओळीखाली अमळनेरचे चारशे टन होते. ते नसतील तर दोन्ही कारखान्यांना पेंड बाजारातून घ्यावी लागणार, तीही हंगामाबाहेरच्या चढ्या भावाने, आणि बँकेचे हप्ते दसऱ्यापासूनच सुरू होणार. तसे झाले तर तारण गेलेली शेड परत येण्याची खात्री मी देऊ शकत नव्हते.

ऑगस्टचा आकडाही चारशे आला. दसरा पाच आठवड्यांवर होता.

वृत्तपत्रात असताना आमचा एक वार्ताहर होता. त्याच्या गावचा केळीचा भाव सलग आठ दिवस तोच आला. आमच्या मुख्य उपसंपादकांनी त्याला फोन करून विचारले, बाजारात गेला होता का. तो गेला नव्हता. खरे आकडे हलतात. हे मला माहीत होते, आणि तरीही पाच महिने न हललेला आकडा मी भिंतीवर लावून दाखवत होते. शिवाय मी याच जिल्ह्यातली. कापूस दिवाळीच्या आसपास येऊ लागतो, कापसातून सरकी वेगळी करायचे काम, जिनिंग, त्यानंतर जोरात चालते आणि सरकी उन्हाळ्यापर्यंत संपत येते, हे इथल्या शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. श्रावणात चारशे टन पेंड देणारी गिरणी मी निमूटपणे कागदावर उतरवली होती.

दुसरे ठिकाण म्हणून मी अमळनेरची विजेची बिले मागवली. तेल काढायची यंत्रे वीज खातात आणि पेंड जेवढी तेवढी वीज, हे प्रमाण फारसे बदलत नाही. मेपासून बिले उतरत गेली होती. ऑगस्टचे बिल मार्चच्या चौथ्या हिश्शाचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने अमळनेरला गेले. गिरणीच्या आवारात शिरताच समजले, कारण आवाज एकाच यंत्राचा येत होता. एका बंद यंत्रावर कामगार तेलकट फडक्याने पट्टा पुसत होता. त्याला विचारले, यंत्रे कधीपासून बंद?

"आषाढपाईन एकच चालू शे ताई," तो म्हणाला. "बाकी बठ्ठी बंद. सरकीच नही तं काय चालाडवं?"

नाना कार्यालयात होते. मी वीजबिले टेबलावर ठेवली. त्यांनी ती पाहिली, चष्मा काढला आणि बाहेर हाक दिली, "ताईसाठे चहा आन रे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मला वाटलंच होतं कोणीतरी येईल. जून झाला तरी कोणी आलं नाही."

"नाना, माल कुठून आला?"

"जूनपर्यंत गोदामात होता. हंगामातला राखून ठेवला होता."

"आणि जुलै, ऑगस्ट?"

"विकत घेतला."

"कोणाच्या पैशांनी?"

त्यांनी बिलांची चळत सरळ करून माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "गिरणीचे आले होते ना पैसे मला."

गिरणी विकून आलेल्या पैशांतून नानांनी दोन महिने बाहेरच्या गिरण्यांची पेंड चढ्या भावाने घेतली होती, आपल्या गोदामात उतरवून घेतली होती आणि आमच्या ठरलेल्या भावाने जळगावला पाठवली होती. मधला फरक त्यांनी स्वतः सोसला. पाठवणीच्या चिठ्ठ्यांवरून उत्पादनाची वही लिहिली जात असल्याने वहीत सगळे बरोबर होते.

"पण का?" मी विचारले. "तो अंदाज होता, नाना."

"कोण म्हणतं अंदाज?" त्यांनी कपाटातून माझा फॉर्म काढला. घडी न घालता फाइलला लावून ठेवलेला. त्यांनी 'देणार' या शब्दावर बोट ठेवले. "तुम्ही विचारलं, किती देणार. मी बोललो, चारशे. एकदा बोलनू मी, मंग?"

बाहेरच्या वाचकासाठी इथे थोडे सांगायला हवे. सरकी, पेंड, कापूस यांचे सौदे आमच्याकडे आजही बहुतेक तोंडी होतात. उभ्या उभ्या किंवा फोनवर. किती देणार, असे एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने आकडा सांगायचा. आकडा सांगितला की सौदा झाला. भाव फिरला, माल मिळाला नाही, तरी तो पुरा करायचा. पुरा न करणाऱ्याला कोणी काही बोलत नाही, फक्त पुढच्या खेपेला त्याला कोणी विचारत नाही. नाना या बाजारात चाळीस वर्षे होते. त्यांना मी बाजारातलाच प्रश्न बाजारातल्याच शब्दांत विचारला होता आणि उत्तराला अंदाज समजले होते. सहा वर्षे दुसऱ्यांच्या वाक्यांतले क्रियापद तपासून पगार घेतलेल्या माणसाची ही चूक होती.

"मग दर महिन्याला सारखंच चारशे का लिहिलं?"

"वर्षाचं भागून तेवढंच येतं. तुमच्या कागदावर चौकोन एकच होता. मी म्हटलं, शहरातल्या लोकांना दर महिन्याला सारखं लागत असेल."

"किती नुकसान झालं तुमचं?"

"ते माझं. ते तुमच्या कागदात लिहू नका."

त्याच दिवशी दुपारी मी जळगावला आबांसमोर बसले. लेखाप्रमुखांनाही आबांनी बोलावले. मी वीजबिले, उत्पादनाची वही आणि सुधारलेले कोष्टक ठेवले. दसऱ्याला धुळे घेतले तर जानेवारीपर्यंत दोन्ही कारखान्यांना पेंड पुरणार नव्हती.

लेखाप्रमुख म्हणाले, "ही खोटी नोंद आहे. कंपनीला माहीत नसलेला माल कंपनीच्या वहीत उत्पादन म्हणून चढला. नियमाप्रमाणे नानांना ठेवता येणार नाही."

नियम त्यांच्या बाजूने होता. मी माझा फॉर्म आबांपुढे सरकवला आणि म्हणाले, "प्रश्न मी लिहिला आहे. आधी हा वाचा."

आबांनी तो वाचला. पुन्हा वाचला. "हे नानांना विचारलं तुम्ही? असं?"

"हो."

"मग दुसरं काय करतील ते? मला विचारलं असतं तर मीही पेंड विकत घेऊन पाठवली असती." लेखाप्रमुखांकडे वळून ते म्हणाले, "नोंद दुरुस्त करा. माणूस राहील."

नंतर त्यांनी धुळ्याचे कोष्टक पुढे ओढले. "मॅडम, मी अक्कांना बोललोय," ते म्हणाले. "आता मागे फिरलो तर नानांपुढे मी आबा कसला."

"नक्की काय बोललात?"

"किंमत बोललो."

"तारीख?"

आबांनी आठवून पाहिले. "तारीख मी बोललो नाही. दसरा आपण आपसात धरला."

कोष्टकात दसऱ्याऐवजी संक्रांत टाकली की सगळे जुळत होते. तोवर नवा कापूस येतो, अमळनेरची सगळी यंत्रे चालू होतात, आणि पहिला हप्ता पेंड असताना भरता येतो. पुढच्या उन्हाळा-पावसाळ्यासाठी हंगामातच स्वस्तात पेंड साठवायला दोन महिने मिळतात. मी ते तिथेच करून दाखवले. आबांनी अक्कांना फोन लावून आवाज मोठा केला. अक्कांनी सगळे ऐकून घेतले.

"बोललेला भाव तोच ना, आबा?"

"तोच."

"मग संक्रांतीला घ्या. तीळगूळ तरी मिळेल मला. फक्त माझ्या कामगारांना तुम्ही स्वतः येऊन सांगा. नाहीतर उद्या धुळ्यात बोभाटा होईल, अक्काचा सौदा फिसकटला."

आबा दुसऱ्याच दिवशी धुळ्याला गेले. मी बरोबर होते. कामगारांपुढे त्यांनी किंमत सोडून सगळे सांगितले. एकाने विचारले, तारीख परत बदलणार नाही ना? आबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "तारीख या सांगतील." मी संक्रांत सांगितली. अंदाज म्हणून सांगितली नाही.

धुळे संक्रांतीला आले. पेंड पुरली, हप्ते वेळेवर गेले, शेड तारणातून ठरल्यापेक्षा आधी सुटली. त्यानंतर कंपनीने आणखी कारखाने घेतले आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्या आठवड्यात आमचा फॉर्म गेला. तो फॉर्म मी त्याच महिन्यात बदलला होता. आता प्रत्येक महिन्यासमोर दोन चौकोन असतात. पहिला: किती निघेल असे वाटते? दुसरा: किती नक्की देणार? पहिला चुकला तर कोणी जाब विचारत नाही. दुसरा चुकू नये म्हणून तो आपोआप लहान लिहिला जातो. दोन्हींमधले अंतर किती, त्यावर मी साठा आणि पैसा ठरवते. पहिल्या चौकोनात निर्धास्त लिहिता येते हे कळल्यावर सुभाषभाऊंनीही 'गतवर्षीप्रमाणे' सोडले. बँकेच्या एका अधिकाऱ्याने एकदा विचारले की एकाच मालाला दोन आकडे कशाला. त्याला नीट समजावून सांगायला पाऊण तास लागला. पुढच्या वर्षी त्याने दुसऱ्या एका कंपनीसाठी त्या फॉर्मची कोरी प्रत मागून नेली.

एक जागा मात्र भरता आली नाही. नानांना त्यांचा फरक परत द्यायचा कंपनीने ठराव केला. नानांनी घेतला नाही. आबा स्वतः गेले, तरी नाही. रक्कम किती होती तेही त्यांनी सांगितले नाही. बाजारभावावरून मी ती साधारण काढू शकले असते. त्यांनी लिहू नका म्हटले होते, म्हणून काढली नाही. त्या दोन महिन्यांच्या नियोजनाची खरी किंमत एका माणसाने भरली आणि ती माझ्या कोणत्याही कागदावर नाही.

पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर नानांनी जुलैसमोर लिहिले. निघेल: दीडशे. देणार: एकशेवीस. महिना संपला तेव्हा वजन एकशे एकोणचाळीस टन भरले. मी विजेचे बिल पाहिले, ते जुळत होते. एक तारखेला सकाळीच नानांचा फोन आला. आवाज जरा पडलेला होता.

"ताई, अकरा टनांनी चुकला."

"हो, पाहिलं."

"मग?"

"मग काही नाही, नाना. खरा आकडा असाच असतो. ऑगस्टचा आता किती वाटतो, सांगा."

"थांबा," ते म्हणाले, "गोदामात सरकी किती उरली ते जाऊन बघून सांगतो."